बिल मागणं म्हणजे भांडण नव्हे



२४ डिसेंबर म्हणजे आपल्याकडे नाताळची रात्र. गोठा, चांदणी, दिव्यांच्या माळा, मुलांची खेळणी, सगळी खरेदी तोवर उरकलेली असते. तोच दिवस देशात राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, कारण १९८६ साली त्याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. यंदा खरेदीला निघण्यापूर्वी त्या दुसऱ्या दिवसाची आठवण करून द्यावी म्हणून हे पत्र.

आमच्या सुलतान बाजारात, पलीकडे ट्रूप बाजारात, गुजराती गल्लीत विजेची वस्तू घ्यायला जा. चार्जर, माळ, पाणी तापवायचा रॉड, सगळं स्वस्त मिळतं. पण खोक्यावर कारखान्याचं नाव नाही, पत्ता नाही. बिल मागितलं तर दुकानदार म्हणतो, "बिल कशाला माई, काही झालं तर घेऊन या, बदलून देतो." मला हे एकदा नाही, अनेकदा ऐकावं लागलंय. माळ लागली नाही तर तो बदलून देईलही. पण माळेनं पडदा पेटला तर काय बदलून देणार?

इथेच २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा कामाला येतो. जुलै २०२० पासून तो लागू आहे आणि त्यात ‘उत्पादन दायित्व’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे ग्राहकाला इजा झाली, जीव गेला किंवा घरातल्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. वस्तूच्या बनावटीत किंवा रचनेत दोष असेल, वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नसेल, तर उत्पादक जबाबदार.

आणि उत्पादकाचा पत्ताच नसेल तर? तेव्हा कलम ८६ प्रमाणे विकणारा जबाबदार. उत्पादक कोण ते माहीत नाही, त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही किंवा तो भारताच्या कायद्याखाली येतच नाही, अशा वेळी "मी फक्त विकतो" हे उत्तर चालत नाही. म्हणजे बिननावाच्या खोक्याचा सगळा भार त्या दुकानदाराच्याच डोक्यावर असतो. हे किती दुकानदारांना माहीत आहे, देव जाणे.

पण माल त्याच दुकानातून घेतला हे दाखवणार कसं? बिल नसेल तर हक्क कागदावरच राहतो. ठरलेल्या रीतीनं बिल न देणं हीच मुळी या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तेव्हा बिल मागताना ओशाळायचं कारण नाही.

कोणी म्हणेल, छोट्या दुकानदारालाच का धरता? बड्यांनाही धरलं आहेच. आयएसआय मार्क नसलेले २,२६५ प्रेशर कुकर आपल्या संकेतस्थळावरून विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला एक लाखाचा दंड केला, कुकर परत घेऊन पैसे द्यायला सांगितले. छोटा दुकानदार आपला शेजारी आहे, त्याचं वाईट व्हावं असं कोणाला वाटेल? म्हणूनच सांगते, त्यानंही घाऊक व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घ्यावं, नावपत्ता नसलेला माल उचलू नये. गिऱ्हाइकानं मागितलं तरच तो वर मागेल.

जबाबदारी आपलीही आहे. वस्तूचा गैरवापर केला, तिच्यात फेरफार केला, तर विक्रेत्याकडे बोट दाखवता येत नाही. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो पाहावा, त्याखालचा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासावा. आजीआजोबांना जमत नसेल तर नातवंडं दोन मिनिटांत करून देतात.

१२ सप्टेंबर २०२२ ची रात्र हैदराबादकर विसरले नसतील. सिकंदराबादला लॉजच्या तळघरात इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम होती. तिथली आग आणि धूर वर चढला आणि आठ जण गेले. ती माणसं वर फक्त मुक्कामाला होती. आमच्याकडेही खाली दुकान, वर बिऱ्हाड अशीच घरं. स्वस्त वस्तूची किंमत कधी कधी शेजारी मोजतो. अनुवादाच्या पुस्तकात नवं घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा घालायची आज्ञा आहे, कोणी पडून मेलं तर दोष घरावर येऊ नये म्हणून. कलम ८६ मला त्याच कठड्यासारखं वाटतं.

तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं.

एक विनंती. यंदा चर्चच्या रोषणाईची खरेदी करणाऱ्या मंडळींनी प्रत्येक माळेचं पक्कं बिल घ्यावं आणि ते सूचना फलकावर लावावं. लोक बघतील, विचारतील, मग आपणही मागायला लागतील.

– एक निवृत्त शिक्षिका, सुलतान बाजार, हैदराबाद