एका पहारेकऱ्याने भागत नाही

ताडोब्यात मोहर्लीच्या जंगलात वाघांची मोजदाद होते, तेव्हा कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो अर्धीच ओळख देतो. अवकाशातील गॅमा किरणांच्या स्फोटांवर नजर ठेवतानाही जोडीची गरज असते, पण भारताचा पहारा आजवर एकाच बाजूने झाला.

17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवर नोंदली गेली. पाठोपाठ, दोन सेकंदांच्या आत, अमेरिकेच्या फर्मी दुर्बिणीला गॅमा किरणांची चमक दिसली. भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरही असे स्फोट टिपणारे सीझेडटीआय हे उपकरण होते, पण त्या क्षणी नेमकी पृथ्वी आड आली. आपल्याला काही दिसले नाही, यावरूनही शास्त्रज्ञांनी स्फोटाची जागा हुडकायला मदत केली, हे त्यांचे कसब. मात्र 650 किलोमीटर उंचीवरून सुमारे 30 टक्के आकाश पृथ्वीच झाकते. तिथे कसब काय करणार?

आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेल्या ‘दक्ष’ प्रकल्पात म्हणूनच दोन उपग्रह पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना ठेवायचे आहेत. खरी कसोटी आहे ती आकाराची. गॅमा किरण काचेच्या भिंगाने एकवटता येत नाहीत. त्यामुळे अशी दुर्बीण म्हणजे मुख्यतः किरण टिपणाऱ्या स्फटिकांचा पसारा. पसारा वाढला की मंद स्फोटही दिसतात. पण वजन, वीज आणि खर्चही वाढतो. स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले, तर कोणत्या बाजूला किती किरण पडले यावरून स्फोटाची दिशा कळते.

मग अगदी चिमुकलेच उपग्रह का नकोत? युरोपातील ‘जीआरबीअल्फा’ जेमतेम 10 सेंटिमीटरचा ठोकळा. ऑक्टोबर 2022 मधील प्रचंड स्फोटाने मोठ्या दुर्बिणी दिपून गेल्या, तेव्हा याने त्याची तीव्रता नीट मोजली. शाबासकी द्यावी असेच हे काम. पण 2017 ची चमक तशी मंद होती, आणि मंद चमक टिपायला मोठे क्षेत्रफळच लागते. स्वस्तातल्या ठोकळ्यांवर वेळ मारून नेण्याचा मोह टाळलेला बरा.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्राने 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे लहर नोंदली जाईल, तेव्हा तिच्यासोबतची चमक टिपायला आपले दोन उपग्रह वर असायला हवेत. त्यांची बांधणी आणि चाचण्या काही महिन्यांत उरकत नाहीत. ‘दक्ष’चा निर्णय आताच व्हायला हवा.