कॅसेट माझी, एमपी३ कोणाची?

कपाटात विकत घेतलेली कॅसेट आहे, टेपरेकॉर्डर मात्र कधीच भंगारात गेलाय. मग त्याच कॅसेटची एमपी३ नेटवरून उतरवली तर ती चोरी का? ऑफिसात चहाच्या वेळी हा प्रश्न टाकून बघा, अर्धा तास आरामात जातो. "पैसे एकदा दिलेत ना, परत कशाला?" हे बहुतेकांचं उत्तर. मलाही पटतं. पण अर्धंच.

अमेरिकेत २००० साली यावर एक मस्त खटला झाला. एमपी३.कॉम या कंपनीने हजारो सीड्या विकत घेऊन आपल्या सर्व्हरवर कॉपी करून ठेवल्या होत्या. तुम्ही तुमची सीडी एकदा कॉम्प्युटरमध्ये घालून दाखवायची, की तीच गाणी नेटवरून कुठेही ऐका. म्हणजे नुसतं 'माझ्याकडे सीडी आहे' म्हणून भागायचं नाही! तरीही कंपनी हरली. कारण कॉपी ऐकणाऱ्याने केली नव्हती, कंपनीने केली होती, आणि तीही परवानगीशिवाय. पुढे २०११ मध्ये ॲपलने आयट्यून्स मॅच काढलं. तुमच्याकडचं गाणं ओळखायचं आणि त्याची चांगली प्रत सर्व्हरवरून द्यायची, वर्षाला साधारण २५ डॉलर. कल्पना बरीचशी तीच, फक्त रेकॉर्ड कंपन्यांशी आधी करार केलेला. तुमच्याकडची फाईल मुळात आली कुठून, हे मात्र कोणी विचारत नव्हतं :)

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खाजगी वापरासाठी केलेल्या वाजवी वापराला सूट देतं. आपलीच कॅसेट आपल्यासाठी एमपी३ करून ठेवणं त्यात बसावं, असं मला वाटतं. पण भलत्याच कोणी परवानगीशिवाय चढवलेली प्रत उतरवायलाही ती सूट आहे, असं काही तिथे लिहिलेलं नाही.

आणि टोरंट असेल तर प्रश्नच बदलतो राव. तुकडे उतरत असतानाच तुमचं मशीन ते दुसऱ्यांना वाटत असतं. त्या दुसऱ्यांच्या कपाटात कॅसेट आहे का? तुम्हाला काय माहीत! 'माझ्याकडे ओरिजिनल आहे' हा बचाव तुमच्यापुरता, वाटपाला तो चालत नाही.

अजून एक. कोणीतरी मूळ टेपवरून खरखर काढून नव्याने काढलेली आवृत्ती तुमच्या १९९० च्या कॅसेटमध्ये नव्हती. त्या कामाचे पैसे तुम्ही दिलेले नाहीत. पुस्तक घेतलं म्हणून ऑडिओबुक फुकट मागतो का आपण?

म्हणून माझं म्हणणं, आधी कोणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणा, लाइन-इनला वायर जोडा, ऑडॅसिटी फुकट मिळतं. नव्वद मिनिटांची टेप नव्वद मिनिटंच घेणार, तोवर एक झोप होते. पण टेपला बुरशी लागलीय, कंपनी बंद पडलीय, रेकॉर्डिंग बाजारात कुठेच मिळत नाही... तेव्हा मी बिनदिक्कत उतरवीन. टोरंट नाही, थेट. त्याला कोणी चोरी म्हटलं तर भांडायला तयार आहे. आणि उद्या कोणी ते पुन्हा विकायला काढलं, तर विकतही घेईन.