तेलाच्या वाट्यात किनाऱ्याचंही नाव हवं

आमच्या बोटीचा हिशोब मी ठेवते. उरणच्या करंजा धक्क्यावरून बोट सुटण्याआधी डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांची उचल, सगळं वहीत चढतं. त्यात सर्वांत मोठा आकडा नेहमी डिझेलचा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, म्हणून आखातात काही बिनसलं की इथे धक्क्यावर आमच्या पोटात गोळा येतो. तेलासाठी समुद्रात खोदूच नका, असं मी त्यामुळे म्हणणार नाही.

पण ‘खोदा’ म्हणणाऱ्यांनी एकदा उरणकडे नीट बघावं. 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाला मुंबईसमोरच्या समुद्रात बॉम्बे हायवर (आताचं मुंबई हाय) तेल लागलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तेव्हा आमच्या रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. पाइपलाइन उरणला आल्या, गॅसवर वीज केंद्र उभं राहिलं, थळला खत कारखाना आला. तिथल्या युरियावर देशभरची शेतं पिकली, याचा मला अभिमान वाटतो.

त्याची किंमतही या पट्ट्याने मोजली. तेलाच्या फलाटांभोवती 500 मीटरच्या आत जायला बंदी, आणि मासळी नेमकी तिथेच गोळा होते. तेलशोधाच्या सर्वेक्षणाची जहाजं आली की जाळी उचला, दूर व्हा. पावसाळ्यात डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. जाळ्याला ते चिकटले की रॉकेलने चोळूनही निघत नाहीत, शेवटी तेवढा तुकडा कापून नवा विणून घालावा लागतो. ते कुठून आले याचं उत्तर कुणीच देत नाही, मग भरपाई मागायची कुणाकडे? 2019 मध्ये उरणच्या तेल-वायू प्रकल्पातल्या आगीत चार जण गेले. 2021 च्या तौक्ते वादळात तेलक्षेत्रातल्या कामगारांचा ‘पी-305’ तराफा बुडाला, सत्तरहून जास्त कामगार गेले आणि त्यांतले काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले. ती माणसं तेलासाठीच समुद्रात होती.

मग वाटा कुणाला? जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी आसाम, गुजरातला मिळते. समुद्रातल्या तेलाची केंद्राकडे जाते, कारण घटनेच्या 297 व्या कलमाने ती संपत्ती केंद्राची. हेही मान्य करू. पण चंद्रपूरला कोळसा निघतो म्हणून तिथे 2015 च्या कायद्याने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. समुद्रातल्या इतर खनिजांसाठीही 2023 च्या दुरुस्तीत बाधितांचा न्यास आला. या दोन्ही कायद्यांतून तेल आणि वायू तेवढे वगळले आहेत! 2025 मध्ये तेलक्षेत्र कायदा बदलला, त्यात गुंतवणूकदाराच्या भाडेपट्ट्याची काळजी आहे, मच्छीमारासाठी निधी नाही. आमच्या खासदारांनी हे संसदेत ठासून मांडायला हवं होतं.

आता मुंबई हायचं घटतं उत्पादन वाढवायला ब्रिटनच्या बीपी कंपनीची मदत घेतली आहे, आणि खोल समुद्रातल्या शोधासाठी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ‘समुद्र मंथन’ मोहीम जाहीर केली आहे. उत्पादन वाढलं तर रॉयल्टीही वाढेल. त्यातला ठरावीक टक्का उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यासाठी कायद्याने बांधून द्या. तो कुठे खर्च करायचा हे ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना मताचा अधिकार द्या. आणि सर्वेक्षणामुळे बुडणाऱ्या मासेमारीची भरपाई बोटी उभ्या राहण्याआधी खात्यात जमा करा, कारण खलाशाची उचल आम्ही आधीच दिलेली असते.