हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

एखाद्या देशावर नैसर्गिक आपत्ती कोसळली म्हणजे इतर राष्ट्रांनी धान्य, औषधे आणि पैसा पाठवावा, हा मदतीचा जुना व सर्वांना समजणारा मार्ग होय. अलीकडच्या काळात त्याला आणखी एका मार्गाची जोड मिळाली आहे. आपद्ग्रस्त देशाच्या मालावरील आयातशुल्क काही काळ उठवायचे, म्हणजे त्याची निर्यात वाढेल आणि तो स्वतःच्या पायांवर उभा राहील, असा त्यामागचा विचार. मदतीपेक्षा व्यापार बरा, ही मागणी विकसनशील देशांनीच एके काळी केलेली असल्यामुळे या मार्गाला तात्त्विक प्रतिष्ठाही लाभलेली आहे. परंतु या औदार्याची किंमत नेमकी कोण मोजतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. २०१० सालच्या पाकिस्तानातील महापुरानंतर युरोपीय संघाने देऊ केलेली व्यापारसवलत आणि तिला भारताने घेतलेली हरकत यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

२०१०च्या जुलैअखेरीस सुरू झालेल्या या पुराने पाकिस्तानचा सुमारे एकपंचमांश भूभाग व्यापला. सुमारे दोन कोटी लोकांना त्याची झळ पोचली. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांनी हानीचा अंदाज सुमारे एक हजार कोटी डॉलर इतका केला. दक्षिण पंजाब व सिंध प्रांतांतील उभा कापूस पाण्याखाली गेला. ज्या देशाच्या निर्यातीचा अर्ध्याहून अधिक भाग सूत, कापड व कपडे यांचा आहे, त्याच्यावरील हा आघात केवळ शेतीपुरता नव्हता. सप्टेंबरात युरोपीय संघाच्या नेत्यांनी व्यापारसवलतीची घोषणा केली आणि ७५ वस्तूंवरील शुल्क तीन वर्षे उठविण्याचा प्रस्ताव पुढे आला. यांतील बहुतेक वस्तू वस्त्रोद्योगातील होत्या. पाकिस्तानातून होणारी त्यांची आयात सुमारे ९० कोटी युरोंची होती आणि सवलतीमुळे ती दरसाल आणखी सुमारे दहा कोटी युरोंनी वाढेल, असा हिशेब मांडण्यात आला होता.

नियम आणि माफी

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पहिला नियम १९४७च्या गॅट करारातच घातलेला आहे. एका सभासद देशाला दिलेली सवलत सर्व सभासदांना दिली पाहिजे, असा तो नियम. गरीब देशांच्या मालावर कमी शुल्क आकारता यावे म्हणून १९७९ साली त्याला अपवाद करण्यात आला. पण ती सवलतही मनास येईल त्या एकाच देशाला देता येत नाही. २००२ साली युरोपीय संघाने अमली पदार्थांच्या प्रतिबंधाचे कारण पुढे करून पाकिस्तानसह मोजक्या देशांना विशेष सवलत दिली, तेव्हा भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २००४च्या एप्रिलमध्ये संघटनेच्या अपील मंडळाने दिलेला निर्णय भारताच्या बाजूचा होता. गरजेनुसार भेद करता येईल. मात्र ती गरज वस्तुनिष्ठ कसोटीवर ठरली पाहिजे आणि तशीच गरज असणाऱ्या प्रत्येक देशाला तीच सवलत मिळाली पाहिजे, हे त्याचे सार.

त्यामुळे २०१० साली युरोपला नियमातून माफी मागण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशी माफी प्रघाताप्रमाणे सर्वसंमतीने दिली जाते, आणि तेथेच भारत व बांगलादेश यांनी हरकत घेतली. पुरात बुडालेल्या शेजाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारा देश, अशी भारताची प्रतिमा त्या वेळी रंगविण्यात आली. वास्तविक त्याच सुमारास भारताने पुरग्रस्तांसाठी अडीच कोटी डॉलरची मदत संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत देऊ केली होती. मदतीला भारताचा विरोध नव्हता. विरोध होता तो मदतीच्या या प्रकाराला.

भार कोणावर?

युरोपात तयार कपड्यांवर साधारणतः १२ टक्के शुल्क आहे, कापडावर आठ टक्के आणि सुती सुतावर चार टक्के. वस्त्रव्यापारात खरेदीदार एखाददुसऱ्या टक्क्यासाठी पुरवठादार बदलतो. अशा बाजारात एकाचे शुल्क शून्यावर आले आणि दुसऱ्याचे कायम राहिले, तर त्या दुसऱ्याच्या मागण्यांतील काही भाग पहिल्याकडे वळणारच. जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली व्यापाराची निर्मिती आणि व्यापाराचे वळण यांत जो भेद केला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. नवा व्यापार निर्माण झाला तर जगाचा लाभ होतो. केवळ तिरुपूरची मागणी फैसलाबादला गेली तर एका गरीब कामगाराची मजुरी दुसऱ्या गरीब कामगाराकडे जाते, इतकेच. बांगलादेशाची अडचण तर आणखी निराळी. अत्यल्पविकसित देश म्हणून २००१पासून त्याला मिळालेली शुल्कमुक्ती हेच त्याचे बळ होते. प्रतिस्पर्ध्यालाही ती मिळाली की त्या बळाचे मोल तेवढ्याने घटते.

युरोपच्या तिजोरीने शुल्काचे काही उत्पन्न सोडले, हे खरे. परंतु पोर्तुगाल, इटली आदी देशांतील उत्पादकांनी तक्रार करताच काही वस्तूंच्या सवलतीवर परिमाणाची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे स्वतःच्या कारखानदारांना झळ पोचू नये याची काळजी घेतली गेली. इतर आशियाई निर्यातदारांना मात्र तसे संरक्षण नव्हते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ते हेच.

वरातीमागून घोडे

एवढे करून ती मदत पोचली केव्हा? जागतिक व्यापार संघटनेची माफी २०१२च्या फेब्रुवारीत मिळाली, आणि सवलत प्रत्यक्षात आली १५ नोव्हेंबर २०१२ रोजी, पुरानंतर सव्वादोन वर्षांहून अधिक काळाने. मुदत मात्र २०१३अखेरची ठरली. तीन वर्षांची सवलत साडेतेरा महिन्यांवर आली. शिवाय सूत आणि कापडावरील शुल्कमाफीचा पहिला लाभ गिरणीमालकाला व निर्यातदाराला होतो. ज्याचे घर, जनावरे आणि बियाणे वाहून गेले, त्या सिंधमधील खंडकऱ्याच्या हाती त्यातले काय पडणार? मदत ज्याला हवी आणि सवलत ज्याला मिळते, ती माणसेच वेगळी असतात. विलंब टाळता आला असता तरीही हा दोष उरलाच असता.

याच्या उलट, जे आपत्तीच्या नावाने इतक्या सायासाने मिळाले, त्याहून कितीतरी व्यापक सवलत पाकिस्तानला १ जानेवारी २०१४पासून लिखित अटींच्या सर्वसाधारण योजनेखाली मिळाली. त्सुनामीनंतर श्रीलंकेलाही २००५च्या जुलैपासून अशाच योजनेचा लाभ झाला होता. मात्र मानवी हक्कांच्या प्रश्नावरून २०१०च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पाकिस्तानात पूर असतानाच, तो स्थगित झाला. पुढे २०१७ साली तो पुन्हा देण्यात आला. देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारा व्यापार किती अस्थिर असतो, हे यावरून दिसते. निदान अटी लिखित असल्या तर घेणाऱ्याला त्या आधी कळतात.

शेजारधर्माची कसोटी

भारताची हरकत तत्त्वतः रास्त होती. पण तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्याचे स्वतःचे वर्तनही तपासले जाते. २०१०-११च्या हंगामात भारताने कापसाची निर्यात ५५ लाख गाठींवर रोखून धरली होती. त्याच हंगामात जागतिक भावाने उच्चांक गाठला. पलीकडच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला भाव हवा होता. सीमेवरून कापसाची वाहतूक मोकळी झाली असती, तर दोघांचेही भले झाले असते, आणि त्यासाठी जिनिव्हात कोणाची माफी मागावी लागली नसती. पाकिस्तानचेही वर्तन याहून निराळे नव्हते. भारताने १९९६ सालीच दिलेला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा त्याने उलट कधी दिला नाही. २०११च्या नोव्हेंबरात तसा निर्णय तेथील मंत्रिमंडळाने केला आणि त्याच सुमारास भारतानेही आपली हरकत मागे घेतली. तो निर्णय अमलात आलाच नाही. २०१९च्या फेब्रुवारीत भारताने आपण दिलेला दर्जा काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच स्थगित केला.

२०२२ साली पाकिस्तानात पुन्हा महापूर आला आणि सुमारे सव्वातीन कोटी लोक त्यात सापडले. असे प्रसंग या उपखंडात वारंवार येणार आहेत. उद्या ते बांगलादेशावर येतील, परवा भारतावर. आपत्तीची मदत रोकड स्वरूपात, त्वरित आणि देणाऱ्याच्या तिजोरीतून झाली पाहिजे. शुल्क कमी करावयाचे तर ते समान गरजेच्या सर्व देशांसाठी कमी झाले पाहिजे. श्रीमंतांच्या दारी एकमेकांविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहण्यापेक्षा आपापसांतील दारे उघडणे भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या अधिक हिताचे आहे. जोपर्यंत ती बंद आहेत, तोपर्यंत एकाच्या संकटाचा भार दुसऱ्याच्या मजुराने वाहावयाचा आणि दात्याचा मान तिसऱ्याने घ्यावयाचा, हा प्रकार थांबणार नाही.