तिसरा निकाल

गेल्या महिन्यात सिलेक्शन बोर्डाचा निकाल आला. लेफ्टनंट कर्नलमधून कर्नल कोण होणार, हे ठरवणारा. तीनदा विचार होतो. माझी ही तिसरी वेळ होती आणि यादीत नाव नव्हतं. विषय संपला.

संध्याकाळी एका कोर्समेटचा फोन आला. "यार, अन्याय झाला. तो झाला आणि तू राहिलास!"

त्याचा हेतू चांगलाच होता. पण निकालाने झालं नाही तेवढं वाईट मला या वाक्याने वाटलं. म्हणून हे लिहितोय.

आधी हिशेब बघा. 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. अटी पूर्ण केल्या की इथवर बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. पुढे जागा मोजक्या. एका बटालियनला कमांडिंग ऑफिसर एकच असतो. म्हणजे कोर्समधले बरेच जण इथेच थांबणार, हे रचनेतच आहे. मग थांबलेल्याची सगळी नोकरी वाया गेली असं आपण कोणत्या तोंडाने सुचवतो?

ही खोड खडकवासल्यापासूनची. फर्स्ट टर्मला रगडा खाताना डोळा सिक्स्थ टर्मवर, सिक्स्थ टर्मला आयएमएवर, तिथे खांद्यावरच्या स्टारवर. पुढे डोळा एकमेकांवर.

कॅप्टन असताना मी कुपवाड्यात एका पोस्टवर होतो. बर्फाने रस्ता बंद, तीस जवान आणि एक बुखारी. त्या वर्षी एक कोर्समेट पुण्यात होता, दुसरा यूएन मिशनवर काँगोत. मी अख्खा हिवाळा त्या दोघांचं नशीब मोजत काढला. शेजारी बसून जवान गावाकडच्या गोष्टी सांगायचे, त्यातली एकही मला आज धड आठवत नाही. बोर्डाने मला एक पद नाकारलं. तो हिवाळा मात्र मी स्वतःच घालवला.

कोणी म्हणेल, स्पर्धा नसेल तर फौज चालेल कशी? मान्य. ज्याच्या हाती शेकडो जवान द्यायचे, तो पारखूनच घ्यायला हवा. पण बोर्ड फक्त नोकरीचं रेकॉर्ड बघतो. पोस्टिंग, घर, गाडी, मुलांचे मार्क यांचा बोर्ड आपणच रोज मेसमध्ये आणि कोर्सच्या ग्रुपवर बसवतो. त्या बोर्डात आजवर कोणी समाधानाने पास झालेला मी पाहिला नाही.

सध्या जबलपूरला आहे. लेक दहावीत आहे, रात्री तिच्याबरोबर त्रिकोणमिती सोडवतो. परवा बायको म्हणाली, "तो कर्नल झाला, पण लडाखमध्ये घरच्यांशिवाय एकटा आहे. त्यापेक्षा आपलं बरं." मी म्हटलं, नको. ही पण तुलनाच झाली, फक्त आपल्या सोयीची. त्याला कमांड मिळाली आहे, त्याने ती मनापासून भोगावी.

तरुण कॅप्टनांनो, आज पोस्टवर असाल तर फोन बाजूला ठेवा आणि बुखारीपाशी जाऊन बसा. जवान काय सांगतात ते नीट ऐका. मेजर झाल्यावर ती जागा दुसऱ्याची असते.