दंड गाडीला, कात्री पगाराला

‘दंड’ हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. सोसायटी दंड करते, शाळा दंड करते, वाचनालय तर करतंच. आणि आता इमारतीच्या तळघरात शिट्टी घेऊन उभा असलेला गणवेशातला माणूसही करतो. वास्तविक दंड करण्याचा अधिकार सरकारचा. मोटार वाहन कायद्याखाली चलन फाडायचं ते पोलिसांनी किंवा परिवहन खात्याने. खासगी जागेचा मालक गाडी उभी करण्याचं भाडं मागू शकतो, अटी मोडल्या म्हणून झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. पण तो दंड नव्हे, करारातलं येणं आहे. आणि १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं, की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच; लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा, किमान नव्हे. बँकेत असताना कर्जाच्या दंडव्याजावरून भांडणारे खातेदार हेच कलम माझ्या टेबलावर आपटायचे, म्हणून ते पाठ आहे.

हे सगळं आठवायचं कारण आमचं डोलवी. पहाटे वडखळकडच्या रस्त्याला उभे राहा, मुंबईकडे निघालेल्या पांढऱ्या गाड्या मोजता येणार नाहीत. नव्वदच्या दशकात इथे इस्पातचा पोलाद कारखाना आला, पुढे तो जिंदालांकडे गेला. ज्या घरांतली आधीची पिढी भातशेतीवर आणि खाडीवर जगली, त्या घरांतली बरीच मुलं आज कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या, ठेकेदाराच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. गाडी दुसऱ्याची, साहेब तिसरा आणि जागा चौथ्याची.

आमच्या आळीतल्या अशाच एका मुलाने साहेबांना मुंबईतल्या एका व्यापारी संकुलात नेलं. साहेबांची बैठक लांबली. याने उठून जायचं कुठे? वेळेची मर्यादा सांगणारी पाटी होती ती बाहेर पडायच्या वाटेवर, खांबाआड. दोन हजारांची नोटीस कंपनीच्या नावे आली, कारण गाडी कंपनीच्या नावावर. कंपनीने एक प्रश्नही न विचारता पैसे भरले आणि मुलाच्या अठरा हजारांच्या पगारातून दोन हप्त्यांत कापायचं ठरवलं. ‘काका, जाऊ दे ना,’ असं तोच मला म्हणाला. दाद न मागण्याची ही सवय मला त्या दोन हजारांपेक्षा महाग वाटते.

इंग्लंडात हा प्रश्न पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चेम्सफर्डच्या एका वाहनतळावर दोन तास फुकट होते. एका गृहस्थाची गाडी त्याहून जवळजवळ तासभर जास्त उभी राहिली आणि ८५ पौंडांची मागणी झाली. २०१५ मध्ये न्यायालयाने ती योग्य ठरवली. पाट्या मोठ्या, भरपूर आणि स्पष्ट होत्या, हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण. म्हणजे तिथेही गाडीवाल्याचाच विजय होतो असं नाही. पण तिथे स्वतंत्र अपिलाची सोय आहे, आणि भाड्याच्या गाडीची नोटीस आली तर २०१२ च्या कायद्यानुसार गाडी देणारी कंपनी भाडेकराराची कागदपत्रं पाठवून जबाबदारी भाडेकरूकडे वळवू शकते. आपल्याकडे खासगी पार्किंगसाठी असं वेगळं दार नाही. ग्राहक आयोग आहे. कंपनी ‘ग्राहक’ कशी, असं विचारलं जाईल. पण लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की व्यवहार नफा कमावण्याच्या कामाशी थेट जोडलेला आहे का, ते पाहायचं. संस्था आहे म्हणून दार आपोआप बंद होत नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या खटल्यात न्यायालयाने ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, असंही बजावलं. छापलेली प्रत्येक ओळ कायदा नसते.

उद्या कोणी म्हणेल, मग फुकट उभ्या करायच्या का गाड्या? मुळीच नाही. मुंबईत जागा सोन्याच्या भावाची आहे, आणि दुसऱ्याची वाट अडवणाऱ्याकडून पैसे घ्यावेतच. माझं भांडण आहे ते न दिसणाऱ्या पाटीशी, आणि पगाराला लावलेल्या कात्रीशी. मालकाने नोकराला दंड करायचा तर आधी त्याचं म्हणणं ऐकायचं आणि त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांच्या वर जायचं नाही, ही अट १९३६ च्या वेतन कायद्यात होती, ती नव्या वेतन संहितेतही आहे. अठरा हजारांचे तीन टक्के पाचशे चाळीस. ‘दंड नव्हे, नुकसानभरपाई’ असं म्हटलं, तरी त्याचं ऐकून घेणं चुकत नाही.

मी त्याला दोन पत्रं लिहून दिली. पार्किंगवाल्यांना कंपनीच्या लेटरहेडवर: प्रवेशाची पावती, पाटीचा फोटो, आणि दोन हजारांचा हिशेब काय हा प्रश्न. दुसरं त्याच्या स्वतःच्या नावाने कंपनीला, तीन ओळींचं. लेटरहेडवर सही मिळवायला त्याला तीन खेटे पडले. स्पीड पोस्टाची पोच जपून ठेवायला सांगितली. बँकेतली खोड, जात नाही.

दुसरा हप्ता कापला गेला नाही. पहिला अजून परत आलेला नाही. पार्किंगवाल्यांचं उत्तरही नाही. ग्राहक आयोगात अलिबागला की मुंबईला जायचं, हे अजून ठरायचं आहे. मुदत दोन वर्षांची, त्यातले सात महिने सरले आहेत.