निवृत्त श्वानांचे ऋण

१९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या श्वानाने ३,३०० किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुडकून काढले. २००० साली त्याला मानवंदनेसह निरोप देण्यात आला. परंतु वयोमानाने निवृत्त होणाऱ्या इतर पोलीस श्वानांचे काय? त्यांना दत्तक घेणे हे पुण्यकर्म खरेच. मात्र ते जबाबदारीने व्हावे. आंबेगाव तालुक्यातील पेठसारख्या गावी, बिबट्यांच्या टापूत, रात्री अंगणात बांधलेले कुत्रे म्हणजे आयते भक्ष्य. आयुष्यभर शिस्तीत वाढलेल्या या प्राण्यास बंदिस्त निवारा, वेळेवर आहार व माणसाचा सहवास हवा. ज्याला हे जमणार नाही, त्याने मोहात पडू नये. सेवा शासनाची झाली. तेव्हा उतारवयातील औषधोपचाराचा खर्चही शासनानेच सोसला पाहिजे.